फुत्कारचा सुळा

मावशी दात बनवतात. दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य माणसाच्या तोंडात बघतो, आणि माणूस तोंड उघडं असताना बोलू शकत नाही याचा फायदा घेऊन स्वतः बोलतो. मावशींच्या वाट्याला येतो तो प्लॅस्टरचा जबडा, तोही खोक्यातून, गठ्ठ्याने. त्यावर त्या मेणाची हिरडी चढवतात, दात बसवतात, घासतात, चकाकी देतात आणि खोकं परत पाठवतात. ज्यांच्यासाठी आयुष्यभर दात केले त्यातली जवळजवळ सगळी माणसं त्यांनी पाहिलेली नाहीत. पण कोण झोपेत दात खातो, कोण एकाच बाजूने चावतो आणि कोण दंतवैद्याला सर्रास थापा मारतो, हे त्यांना साच्यावरून समजतं. लोकांची इतकी खाजगी माहिती बाळगून असलेली दुसरी बाई शहरात नसेल, आणि तिचा इतका कमी उपयोग करणारीही.

लॅब तळघरात आहे. एकच खिडकी, आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. मावशींचं जग असं दातांपासून सुरू होऊन बुटांपाशी संपायचं. मधला माणूस गायब. हे असंच चालायचं, पण एकदा एक कवळी तातडीची निघाली आणि ती पोचवायला मावशी स्वतः एका दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या खोलीत, मुलांनी रडू नये म्हणून, भिंतीवर टीव्ही लावलेला. त्यावर एक म्हातारा ड्रॅगन जांभई देत होता.

तो पुरता जांभई देऊन झाला तरी मावशी उभ्याच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असा जबडा पाहिला होता ज्याची ऑर्डर कोणी दिली नव्हती. खालचा एक सुळा ओठावरून बाहेर आलेला, दुसऱ्या बाजूची दाढ झिजलेली, आणि तोंड मिटताना तो म्हातारा जबडा किंचित बाजूला न्यायचा. खरीखुरी माणसं नेतात तसाच! मावशी खुर्चीवर बसल्या आणि अख्खा एपिसोड बघितला. आत पेशंट बोळक्या तोंडाने वाट पाहत होता, त्याची कवळी यांच्या मांडीवर होती.

मालिकेचं नाव ‘ढगांचे पहारेकरी’. ड्रॅगनचं नाव फुत्कार. ढगांवरच्या एका किल्ल्याचा हा पहारेकरी, वयामुळे आग ओकता येत नाही, नुसता धूर निघतो, तरी जागचा हलत नाही. मावशींनी महिन्याभरात सगळी पर्वं बघून काढली. मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा बघणारा माणूस हौशी असतो. तिसऱ्यांदा बघताना जो मध्येच थांबवून पडद्याच्या जवळ जातो, तो गेला कामातून.

अशा कामातून गेलेल्यांचा एक ग्रुप होता. एरवी तो मोबाईलवर भांडायचा आणि रविवारी सकाळी समोरासमोर. जागा होती टायरच्या दुकानावरची खोली. तिथे आठवडाभर ड्रायव्हिंगचे वर्ग भरत, त्यामुळे भिंतींवर वळणांच्या आणि घसरड्या रस्त्यांच्या पाट्या. ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ हेच ग्रुपचे अध्यक्ष. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं. खोली त्यांची होती.

या ग्रुपचे दोन तट होते, आणि त्यांचं कारण होतं तोच सुळा. पहिल्या पर्वात तो बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला आहे. दुसऱ्या पर्वापासून उजव्या. अध्यक्षांच्या डाव्या गटाचं म्हणणं, पहिलं तेच खरं, पुढचा सगळा निष्काळजीपणा. उजव्या गटाची पुढारी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी. तिला सगळे चष्मेवाली म्हणत, आणि गंमत म्हणजे तिला चष्मा नव्हता. तिचं म्हणणं, पुढच्या पर्वांत सुधारलं तेच खरं, पहिलं पर्व म्हणजे कच्चा खर्डा. या प्रश्नावरून एक साखरपुडा मोडल्याचं सांगतात. मोडणाऱ्यांना त्याचं वाईट वाटत नाही.

मावशींनी ग्रुपवर पहिली पोस्ट टाकली ती अशी: ‘पहिल्या पर्वात खालचा उजवा सुळा बाहेर आहे.’ उजव्या गटात जल्लोष झाला. पहिल्या पर्वातसुद्धा उजवा! चष्मेवालीने त्यांना रविवारच्या सभेत स्वतःशेजारी खुर्ची दिली, चहाचा पहिला कप दिला. दोन रविवार हा मान चालला. मग उलगडा झाला की दातांच्या धंद्यात बाजू नेहमी ज्याचं तोंड त्याची धरतात, बघणाऱ्याची नाही. फुत्कारचा उजवा म्हणजे आपला डावा.

‘म्हणजे तुम्ही डाव्या गटातल्या?’ चष्मेवालीने खुर्ची किंचित सरकवत विचारलं.

‘मी कुठल्याच गटातली नाही गं,’ मावशी म्हणाल्या. ‘तुम्ही सगळे एका ड्रॅगनबद्दल भांडताय. ते दोन आहेत.’

मावशी उठून घसरड्या रस्त्याच्या पाटीखाली उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. चित्र नुसतं उलटं झालं असतं तर भुवईवरच्या जखमेचा व्रणसुद्धा दुसऱ्या बाजूला गेला असता. व्रण जागच्या जागी आहे. दात हलतात, पण एका गालातून दुसऱ्या गालात राहायला जात नाहीत. आणि पहिल्या पर्वाच्या शेवटी फुत्कार वादळात शिरतो, सकाळी परत येतो, तिथूनच सगळं बदलतं. दुसऱ्या पर्वात तो किल्ल्यातल्या मुलीचं नाव विसरतो, लोक म्हणतात म्हातारपण.

‘विसरला नाही तो,’ मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, कान लाल झाले होते. ‘त्याला ते माहीतच नव्हतं! परत आला तो फुत्कार नव्हेच. दुसरा कोणीतरी आला, आणि किल्ल्याला पहारेकरी हवा म्हणून गप्प बसला. इतकी वर्षं!’

मागे कोणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. चष्मेवालीच्या अंगावर काटा आला, तिने बाही वर करून तो शेजारच्याला दाखवला. अध्यक्षांनी मात्र मान हलवली. दोन ड्रॅगन मान्य केले तर दोन्ही गट एकदमच खरे ठरणार होते, आणि अध्यक्षाला हे परवडत नाही.

‘मावशी, पुरावा काय? दात?’

‘दात खोटं बोलत नाहीत.’

‘माझे विद्यार्थीपण म्हणतात, गाडी आपोआप भिंतीवर गेली.’

‘चाहत्यांच्या संमेलनाला तो चित्रकार येणार आहे ना? फुत्कार काढणारा? भरसभेत विचारते. माझं खोटं निघालं तर ग्रुप सोडते. जा!’

पूर्वी शपथेला अग्नीची नाहीतर निदान चार माणसांची साक्ष लागायची. आता एक मोबाईल पुरतो. कोणीतरी चित्रण करत होतं, मावशी खाली बसायच्या आत शपथ ग्रुपवर पोचली होती, आणि तिच्याखाली टाळ्या वाजवणारे ड्रॅगन नाचत होते.

घरी जाताना मावशींच्या लक्षात आलं, आपण काय पणाला लावलंय. दातांच्या बाबतीत त्या बोलत असताना माणसं पुढे सरकून ऐकतात, हे त्यांना टायरच्या दुकानावरच्या खोलीतच पहिल्यांदा कळलं होतं. लॅबमधला सहकारी मुका नव्हता, पण त्याचा तसा काही पुरावाही नव्हता. सिद्धान्त खोटा ठरला तर परत दात आणि बूट.

घरी त्यांचे यजमान. ते लिफ्ट दुरुस्त करतात. निम्मं आयुष्य दोन मजल्यांच्या मध्ये गेल्यामुळे कुठलीच बाजू पटकन घ्यायची त्यांना सवय नाही.

‘अगं, पण तो मनुष्य म्हणाला की चूक झाली, तर?’

‘नाही म्हणणार.’

‘आमच्यात तर तेच म्हणतात. दार का उघडेना? चूक झाली.’

‘अहो, ती लिफ्ट आहे. हा फुत्कार आहे.’

‘चूक झाली म्हणाला, तर हिला ग्रुप सोडावा लागेल की,’ सासूबाई आतून म्हणाल्या. सासूबाईंच्या तोंडातली कवळी सुनेनेच केलेली, त्यामुळे सुनेला बोललेला प्रत्येक शब्द सुनेच्याच दातांतून येतो. मालिका त्याही बघत, पण ‘रिमोट सापडत नाही म्हणून’. ‘आणि मी सांगते, तो दुसरा आहे. पहिला दारात आला की आधी पाय झटकायचा. हा तसाच आत येतो.’

मावशी वळून बघतच राहिल्या. हे त्यांच्यासुद्धा नजरेतून सुटलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मावशींनाच ठाऊक. चित्रं थांबवून थांबवून, वरून, खालून, बाजूने बघून त्यांनी दोन्ही ड्रॅगनांचे जबडे प्लॅस्टरमध्ये घडवले. प्रत्येक जबडा चांगला बादलीएवढा. लॅबचे मालक सकाळी आले तर ओट्यावर दोन जबडे वाळत पडलेले. मालकांनी टोपी काढली, परत घातली.

‘हा पेशंट कुठल्या दवाखान्याचा?’

‘ढगातला आहे, साहेब.’

मालकांनी दोन्हींभोवती एक फेरी मारली. खालच्या सुळ्यावर बोट फिरवून पाहिलं. ‘चावा बरोबर बसत नाहीये.’

‘बसत नव्हताच त्याचा. तसाच ठेवलाय.’

‘मग ठीक,’ मालक म्हणाले. ‘मंगळवारपर्यंत द्यायचा आहे का?’

संमेलनाचा दिवस उजाडला. एका मोठ्या सभागृहाच्या पायऱ्यांवर जादूगार, पऱ्या, अर्धे लांडगे आणि एक संपूर्ण राजवाडा रांगेत उभा होता. एका सेनापतीची तलवार फिरत्या दारात अडकली होती आणि त्याची आई ‘तिरकी धर रे, तिरकी!’ म्हणून ओरडत होती. सगळे एकमेकांकडे बघून खूश होत होते. रस्त्यात अनोळखी माणसाने ‘तुमची शेपटी किती सुंदर आहे’ म्हटलं तर पोलिसांना बोलवावं लागेल, इथे लोक त्याला आभार मानून कापड कुठलं ते सांगत होते. मावशी लॅबचा पांढरा कोट घालून आल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण साध्या कपड्यांत आलो. तोवर तीन जणांनी येऊन ‘तुम्ही किल्ल्यातल्या वैद्यीणबाई ना?’ म्हणत फोटो काढले. मावशींनी हो म्हटलं.

दोन्ही जबडे अध्यक्षांनी शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून आणले होते. विरोधक असले म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम.

चित्रकार म्हणजे जाड स्वेटर घातलेले एक वयस्क गृहस्थ. मंचावर ते असे बसले होते जणू कोणीतरी त्यांना चुकून आत पाठवलंय. प्रश्न सुरू झाले. मावशींनी हात वर केला. पुढे एक आठ फुटी राक्षस बसलेला, त्याच्या शिंगांमागे मावशींचा हात कोणाला दिसणार? शेवटी चष्मेवाली खुर्चीवर चढली आणि तिने मावशींचं मनगट धरून झेंड्यासारखं हलवलं. माईक आला.

‘नमस्कार. मी दात बनवते,’ मावशी म्हणाल्या.

सभागृह हसलं. मग अध्यक्षांनी आणि चष्मेवालीने एकेक जबडा उचलून मंचावरच्या टेबलावर नेऊन ठेवला, तेव्हा हसू थांबलं. लोक उभे राहून बघू लागले. मावशींनी सगळं सांगितलं. व्रण, सुळा, झिजलेली दाढ, वादळ, मुलीचं नाव. पाय झटकणंही सांगितलं, आणि ‘हे आमच्या सासूबाईंचं’ असं प्रामाणिकपणे जोडलं. ‘तर माझा प्रश्न एवढाच. वादळातून परत आला तो कोण?’

चित्रकारांनी चष्मा लावला. एक जबडा हातात घेतला, उलटा केला, खाली ठेवला. दुसरा घेतला. इतका वेळ लागला की राक्षसाने शिंगं काढून मांडीवर घेतली.

‘बाई,’ ते शेवटी म्हणाले, ‘काय सांगू तुम्हाला. दोन ड्रॅगन नाहीत हो.’

‘नाहीत?’

‘पहिलं पर्व माझ्या जोडीदारणीने काढलं. ती सोडून गेली, मग मी काढायला लागलो. व्रण मी तिच्या नमुन्यावरून उतरवला, दात मात्र आठवणीवरून काढला. चुकला. आणि आज या क्षणापर्यंत मला ते माहीत नव्हतं.’ ते स्वतःच चकित होऊन जबड्यांकडे बघत होते. ‘नाव विसरणं वगैरे लेखकांचं. त्यांना तो म्हातारा दाखवायचा होता. दोन ड्रॅगन नाहीत. दोन माणसं आहेत.’

‘दोन माणसं काय, आमच्या लॅबमध्येपण आहेत,’ मावशी म्हणाल्या.

माईक चालू होता. हशा पिकला, पण ग्रुपच्या रांगेत कोणी हसलं नाही. अध्यक्ष बुटांकडे बघत होते. ते जिंकले होते आणि त्यांना ते मुळीच आवडलेलं नव्हतं. चष्मेवालीने मावशींचा कोट खालून धरून ठेवला होता.

माईकवाला हात पुढे करून उभा. मावशींनी माईक दिला नाही.

‘थांबा हो. तुम्ही काढला तो तुमचा. पण तिने काढलेला वादळात गेला ना? तो कुठेय?’

‘म्हणजे?’

‘तुमचा परत आला, हे तुम्ही सांगताय. तिचा आला का?’

सगळीकडे खुर्च्या करकरल्या. ‘हे... हे तिलाच विचारायला हवं,’ चित्रकार म्हणाले.

‘मग विचारा!’ मागून कोणीतरी ओरडलं. ‘विचारा! विचारा!’ पऱ्या, लांडगे, सेनापतीची आई, सगळे. चित्रकारांनी स्वेटरखालून मोबाईल काढला. त्यांनी मोबाईल माईकजवळ धरला. घंटी वाजत राहिली आणि हजारो माणसांनी एकदम श्वास धरून ठेवल्यावर जो एक विशिष्ट आवाज होतो, तो झाला.

‘हां, बोल,’ एका बाईचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी. ‘आता काय विसरलास?’

‘ऐक ना. फुत्कारचं विचारायचंय. पहिल्या पर्वाच्या शेवटी तो वादळात गेला...’

‘हो.’

‘तो परत आला का?’

‘माझा?’ बाई म्हणाल्या. ‘छे! मी कुठे आणला परत? मी तो वादळातच सोडला आणि राजीनामा दिला. सकाळी परत आल्याचं तुम्ही लोकांनी मागाहून चिकटवलंत. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा तो नव्हे. तू ऐकतोस कधी?’

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. सभागृह उठलं होतं. राक्षसाने शेजारच्या अनोळखी परीला उचललं. सेनापतीची तलवार परत कशात तरी अडकली. अध्यक्ष, ज्यांनी आयुष्यात हॉर्नशिवाय आवाज केला नव्हता, खुर्चीवर उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होते. चष्मेवाली रडत होती आणि रडता रडता चित्रण करत होती.

या गोंधळात मावशी मंचापर्यंत पोचल्या आणि मोबाईलपाशी तोंड नेलं. ‘बाई, एक विचारू? त्याचा तो सुळा दुखायचा का हो?’

‘तुम्हाला कसं कळलं? मी कोणालाच नव्हतं सांगितलं. म्हणून तर तो दुसऱ्या बाजूने चावायचा.’

‘दाढेवरून कळतं,’ मावशी म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर ग्रुप जमला तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. मावशींनी कोटावरचा ग्रुपचा बिल्ला काढून अध्यक्षांपुढे धरला. शब्द म्हणजे शब्द. चित्रकार स्पष्ट म्हणाले होते, दोन ड्रॅगन नाहीत.

‘पण ती म्हणाली, हा तो नव्हे!’ अध्यक्ष तडकले. सकाळपर्यंत ज्या सिद्धान्ताला ते दातांची थाप म्हणत होते, त्याच्या रक्षणासाठी त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. ‘म्हणजे मावशी बरोबर!’

‘अर्ध्या बरोबर,’ चष्मेवाली म्हणाली. ‘ती सोडून गेली होती. सोडून गेलेल्याचा शब्द धरायचा का, हे आधी ठरवा.’

‘जिने जन्म दिला तिचा शब्द धरायचा नाही?’

‘मग ज्याने सांभाळला त्याचं काय?’

पाचच मिनिटांत डावे-उजवे इतिहासजमा झाले आणि दोन नवे गट पडले. जुने हाडवैरी एकाच गटात आले आणि जिवलग मैत्रिणी समोरासमोर. मावशींचा मोबाईल वाजला.

‘काय गं, हरलीस की जिंकलीस?’ यजमानांनी विचारलं.

‘अजून ठरायचंय.’

‘म्हणजे मध्येच अडकलीस,’ ते समजुतीने म्हणाले. ‘घाबरू नकोस, दार आपोआप उघडतं.’ मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘पाय झटकायचं सांगितलंस का? माझं नाव घेतलंस का?’

मावशींनी फोन ठेवला. बिल्ला हातातच होता. ‘मग मी राहू की जाऊ?’

‘हा विषय निकालात निघेपर्यंत तुम्हाला जाता येणार नाही,’ अध्यक्ष म्हणाले.

‘आणि निकालात कधी निघेल?’

‘आपल्या ग्रुपमध्ये?’ अध्यक्षांनी असं पाहिलं, जणू मावशींनी त्यांना सूर्य कधी विझणार ते विचारलं होतं.

मावशींनी बिल्ला परत कोटाला लावला. टाचणी दोनदा बोटाला टोचली. ‘बरं. मग माझं एक म्हणणं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तो दुसरा. तो आला कुठून? त्याचेही दात मी नीट पाहिलेत.’

भांडण तिथेच थांबलं. सगळे पायऱ्यांवर जवळ सरकून बसले, आणि एका परीने नीट ऐकू यावं म्हणून आपले टोकदार प्लॅस्टिकचे कान काढून मांडीवर ठेवले.